ईव्हमध्ये नवख्यांना सांभाळून घेणाऱ्या दादांचे आभार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या जहाजांच्या गेममध्ये नव्या पायलटांना तुम्ही ज्या चिकाटीने शिकवता, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून हे जाहीर आभार.

२००३ पासून चालू असलेल्या या गेममध्ये फुटलेलं जहाज परत मिळत नाही. त्यामुळे नवखा गेम सोडतो तो बहुतेकदा पहिलं महागडं जहाज गेल्यावर. जुनेजाणते मोठ्या मनाने त्याला भरपूर इस्क (गेममधले पैसे) देतात, तो लगेच बॅटलशिप (मोठं लढाऊ जहाज) घेतो, पण ती पेलायला लागणारी स्किल्स अंगात नसतात. तुम्ही पैसे कधीच दिले नाहीत. दिली ती फिट केलेली (तोफा-उपकरणं बसवून तयार) स्वस्त फ्रिगेट (छोटी जहाजं), एकासारख्या एक, म्हणजे एक फुटली की लगेच दुसरीत बसता येईल. ही मदत इस्कपेक्षा कितीतरी मोठी होती.

स्किल्सचं गणितही तुम्ही आकड्यांत मांडलंत. रँक १ च्या (सगळ्यात सोप्या) स्किलला चौथ्या लेव्हलपर्यंत ४५,२५५ गुण लागतात, पाचव्यापर्यंत २,५६,०००. म्हणजे पाचातला चार भाग फायदा एक पंचमांशाहूनही कमी वेळात पदरात पडतो. म्हणून आधी पायाभूत स्किल्स तीन-चारपर्यंत न्यायची, पाचवी लेव्हल नंतर. फिटिंगबद्दलही तेवढंच नेमकं: बचावाला शील्ड किंवा आर्मर, दोन्ही नाही. शील्ड एक्स्टेंडर लावला की सिग्नेचर (शत्रूच्या तोफांना जहाज किती मोठं दिसतं ते) वाढते, आर्मर प्लेट लावली की वजन वाढतं. दोन्ही लावलं तर तोटे दोन्हीकडचे येतात आणि वर बाकीच्या मॉड्यूल्सच्या जागाही जातात. तोफा सगळ्या एकाच जातीच्या, कारण पल्ले वेगळे असले की कोणतंही अंतर धरलं तरी निम्म्या तोफा वाया.

सगळ्यात जास्त आभार टॅकल (शत्रूचं जहाज पळू न देता धरून ठेवणं) शिकवल्याबद्दल. नवखा पहिल्या आठवड्यातच ताफ्याच्या खऱ्या उपयोगी पडू शकतो तो इथेच, आणि शिकवायला सगळ्यात अवघडही हेच. शत्रू दिसला की नवखा ‘अप्रोच’ दाबतो आणि नाकासमोर सरळ धावतो. मग त्याचा कोनीय वेग (त्याच्यामागे तोफेला वळावं लागतं तो वेग) जवळजवळ शून्य होतो आणि मोठ्या तोफांनाही तो सहज सापडतो. त्यातून मायक्रोवॉर्पड्राइव्ह (वेग खूप वाढवणारं इंजिन) चालू असेल तर सिग्नेचर सहापट फुगलेली. तुम्ही मोकळ्या जागेत डबल-क्लिक करत तिरकं, वळसा घेत जवळ जायला लावलंत, आणि पल्ल्यात आल्यावरच ऑर्बिट (त्याच्याभोवती घिरट्या). शत्रूचा वॉर्प (दूरवरची अतिवेगवान झेप) अडवणारा साधा टेक-१ डिसरप्टर २० किलोमीटरवरून पकडतो, स्क्रॅम्बलर फक्त साडेसातवरून. पण स्क्रॅम (स्क्रॅम्बलर) समोरच्याचा मायक्रोवॉर्पड्राइव्हही बंद पाडतो. आफ्टरबर्नर (त्याहून कमी वेग देणारं इंजिन) मात्र चालूच राहतो, हे तुम्ही दरवेळी बजावता आणि दरवेळी कोणीतरी विसरतंच.

डी-स्कॅनची (आसपासची जहाजं शोधणाऱ्या स्कॅनरची) सवयही तुमचीच. पल्ला १४.३ एयू (पृथ्वी-सूर्य अंतराच्या १४.३ पट), आधी ३६० अंशांत, मग कोन अरुंद करत दिशा शोधायची. कॉम्बॅट प्रोब (जहाजं हुडकणारी उपकरणं) दिसले की कोणीतरी शोधतंय असं समजून निघायचं. गेटमधून पलीकडच्या सूर्यमालेत गेल्यावर हललं नाही तर मिनिटभर कोणाला दिसत नाही. तेवढ्यात लोकलमधली (त्या सूर्यमालेच्या चॅटमधली) नावं बघून ठरवायचं. हायसेकमध्येसुद्धा (जास्त सुरक्षित भागात) कॉन्कॉर्ड, म्हणजे गेममधले पोलीस, शिक्षा करतो, वाचवत नाही. हे नीट कळलं की भरलेलं मालवाहू जहाज ऑटोपायलटवर सोडून कोणी उठत नाही.

पण तुमचं खरं वेगळेपण जहाज फुटल्यानंतर दिसतं. बाकीचे लगेच फिटिंगवर तुटून पडतात आणि व्हॉइसवर चार जण एकदम बोलू लागतात. नवख्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. तुम्ही आधी पॉड (जहाज फुटल्यावर पायलट ज्यात उरतो ती कुपी) बाहेर काढायला लावता: एखादा ग्रह आधीच निवडून ठेवलेला, वॉर्पचं बटण पुन्हापुन्हा दाबत राहायचं. पॉड गेला तरी शिकलेली स्किल्स जात नाहीत, इम्प्लांट (पायलटच्या डोक्यात बसवलेली क्षमता वाढवणारी उपकरणं) मात्र जातात, हे शांतपणे सांगता. मग विचारता, ‘शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर काय दिसत होतं?’ किलमेल (जहाज फुटल्याचा गेमने दिलेला अहवाल) उघडता ते त्यानंतर. किलमेलवर कोणी किती डॅमेज केलं ते कळतं, पण रिपेअरर चालू होता का, अंतर किती होतं, हे त्यात नसतं. ते फक्त पायलटलाच ठाऊक असतं आणि चिडवलं तर तो ते सांगत नाही. आमच्या मते नव्यांना टिकवणारी गोष्ट हीच आहे.

नव्यांच्या ताफ्यात आता आम्हीही याच क्रमाने शिकवतो: पॉड, प्रश्न, मग किलमेल. हँगरमधली फ्रिगेट संपत आली की आम्ही भरून ठेवू, तो भार आता तुम्ही एकट्याने उचलू नका.

मनापासून धन्यवाद, दादा.

तुमचे,
ताफ्यातले टॅकलवाले