दादा म्हणाला, तू तेव्हा बारको होतस

आचरा, मृग नक्षत्र

प्रिय बाबल,

स.न.वि.वि. लिहिणार होतो, पण तू ते वाचून फिदीफिदी हसशील म्हणून थेट सुरू करतो. गणपतीनंतर माझं पत्र नाही, फोन नाही. घालायच्या त्या शिव्या एकदम घालून मोकळा हो. इकडे सगळं ठीक. साखर गोळीवर आहे, हिचा गुडघा पाऊस लागला की बोलतो, आई आहे तशी आहे.

पत्राचं कारण आमचा मुलगा ओंकार. दहावीला चौऱ्याहत्तर टक्के पडले. सायन्स नको म्हणतो. मालवणात कॉमर्सला नाव घालीन, सुट्टीत तारकर्लीला स्कूबा शिकीन आणि अठरा पूर्ण झाली की डाइव्हमास्टर, म्हणजे लोकांना पाण्याखाली नेणाऱ्याचा कोर्स, करीन, असा त्याचा बेत. मी नाही म्हटलं. दादा बाजूला जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "तू तेव्हा बारको होतस, तुका काय कळला नाय. म्हणान अजून घाबरतस."

तेव्हा म्हणजे कधी, हे हिला समजावून सांगावं लागलं. हिचे वडील तलाठी, एक तारखेला पगार घरात. संप म्हणजे हिला पेपरातली बातमी. तुला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांतले अडीच लाख कामगार संपावर बाहेर पडले, त्यात तुझे बाबा आणि माझे बाबा. शिमग्याला आले ते पालखी नाचवून परत जायचे राहिले. तू-मी सहा वर्षांचे, दादा चौदाचा.

दादाचं बोलणं मला चार दिवस सलत राहिलं, कारण ते अर्धं बरोबर आहे. त्या अर्ध्याच्या मागे लागलो. मास्तर माणूस, दुसरं काय करणार.

अमेरिकेत ऑकलंड आणि बर्कली ही खाडीकाठची शेजारशेजारची शहरं आहेत. तिथल्या मुलांच्या दोन तुकड्यांच्या नोंदी लहानपणापासून ठेवल्या होत्या. ऑकलंडची मुलं १९२०-२१ साली जन्मलेली, बर्कलीची १९२८-२९ ची. मध्येच १९२९ ची मंदी आली आणि दोन्हीकडच्या कित्येक बापांचं उत्पन्न कोसळलं. ग्लेन एल्डर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने या नोंदी पुढे उकरून काढल्या. ऑकलंडच्या तुकडीवरचं त्याचं काम १९७४ मध्ये आलं, बर्कलीची तुलना त्यानंतर. मंदी तीच, पण ती कितव्या वर्षी गाठते यावर पुढचं पुष्कळ ठरलं. ऑकलंडची जी मुलं मंदी चालू असताना तेरा-चौदाची झाली, त्यांनी बाहेर पडून किरकोळ कामं धरली, घरात पैसे दिले, घराला त्यांची गरज पडली, आणि ती खमकी निघाली. बर्कलीचे मुलगे मात्र मंदीत अगदी लहान होते. कमावण्याचं वय नव्हतं, घरातलं सगळं अंगावर घ्यायचं वय होतं. किशोरवयात तेच जास्त खचलेले, स्वतःवर भरवसा नसलेले दिसले.

आता आपल्या वाडीत ये. त्या उन्हाळ्यात दादा काय करत होता आठव. सकाळी काजूच्या बिया वेचायच्या, बोंड पिळून बी वेगळी करायची, दोन-तीन उन्हं दाखवून दुकानात वजनावर घालायची. ओले गर काढताना डीक लागून बोटांची सालं जायची, म्हणून आधी हाताला खोबरेल आणि वर राख. एप्रिल लागला की आंब्यावर. झेल्याने उतरवायचा, देठ बोटभर ठेवायचा, कारण देठ मुळात तुटला की चीक फळावर ओघळतो आणि तिथे साल काळी पडते, तसला आंबा पेटीत चालत नाही. चौदा आणे तयार झालेला तेवढाच काढायचा. बारा आण्याचा काढला तर सुरकुततो, गोडी धरत नाही. पेटीत तळाला पेंढा, मग थर, मग खिळे. संध्याकाळी मजुरी आईच्या हातात. आई ती मोजून डब्यात टाकायची आणि दादाला ताटात एक तुकडी जास्त. चौदा वर्षांच्या पोराला याहून मोठी पदवी कुठलं विद्यापीठ देणार?

आणि आपण दोघं? आपण पडवीत. आपल्याला कोणी काही सांगत नव्हतं आणि सगळं दिसत होतं. दुकानदाराच्या वहीत नाव चढलेलं, दिढीने, म्हणजे दीडपट फेडायच्या बोलीवर, आणलेलं भात, आईच्या हातातल्या पाटल्या एक दिवस नसलेल्या. सकाळी पेज आणि खारा, रात्री कुळथाची पिठी, पाऊस पडल्यावर टाकळा नि कुरडू, श्रावणात आठळ्या. उपाशी कोणी राहिलं नाही, हे दादा आजही छातीवर हात मारून सांगतो आणि खरंच सांगतो. पण पहिलीचा वर्ग मी इतकी वर्षं घेतोय, मला एवढं कळलंय की सहा वर्षांचं पोर ताट बघत नाही, तोंडं बघतं. पोस्टमन सायकलवरून पुढे गेला की बाबा कुणावर ओरडणार याचा अंदाज घेत बसायचं, एवढंच काम आपल्याला होतं.

पुढच्या तपासण्यांत नेमकं हेच सापडलंय बघ. तंगी पोराला पुष्कळदा थेट लागत नाही, बापाच्या चिडण्यातून लागते. बाप शांत राहिला तर पैसे गेले तरी पोर बऱ्यापैकी सावरतं. बाप भडकू लागला तर पोरात धाक उतरतो, आणि कशाचा धाक हे त्याला कळत नाही. त्यात आपला संप असा की तो संपल्याचं कोणी रीतसर जाहीरच केलं नाही. गिरणी बंद झाली, नोकरी गेली, असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. पुढच्या महिन्यात चालू होणार, एवढंच. एक तारीख सांगितली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. आजही कुणी "बघू नंतर" म्हटलं की माझं डोकं फिरतं, ते यामुळेच असणार.

दादाला सगळं गोष्टीसारखं आठवतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मला तुकडे. यालाही कारण आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आठवणी विचारल्या तर दहा ते तीस या वयातल्या सगळ्यात दाट निघतात. दादाचा संप त्या पट्ट्यात पडला, आपला बाहेर राहिला. म्हणून तो "तुका काय कळला नाय" म्हणतो. कळलं नाही हे कबूल, पण अंगात उतरलं त्याचं काय?

तू म्हणशील, मी नाही घाबरट झालो. नाही कसा? तू बेस्टच्या बसवर खाकीत गेलास, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोघांनी पगाराची तारीख बघून नोकऱ्या धरल्या. दादाने काजूच्या कारखान्याला कर्ज काढलं, बुडवलं, फेडलं, पुन्हा काढलं, आता पर्यटकांच्या तीन खोल्या बांधल्यात. रिक्षाच्या कर्जाला तुला जामीन राहिलो नाही, ते तू अजून काढतोस. काढ. आज ये फॉर्म घेऊन, आजही सही करणार नाही. आणि तुझ्या पहिल्या पगाराचं सगळं पोस्टात टाकलंस, मला साधा चहा पाजला नाहीस, ते मी कुठे विसरलोय?

बर्कलीच्या पोरांचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर रात्रभर विचार करत बसशील. त्यांतली पुष्कळशी सैन्यात गेल्यावर सावरली. घरापासून लांब, ठरलेलं काम, ठरलेलं जेवण, हातात शिक्षण. तुझ्या डेपोने तुझं तेच केलं असं मला वाटतं. वाडीतला बुजरा बाबल आणि प्रवाशांना दरडावणारा कंडक्टर हा एकच माणूस, हे पटायला मला दोन गणपती लागले.

आता खरी गोम. ओंकारला मी नाही म्हटलं त्याची कारणं सांगतो, तूच बघ. पहिलं कारण दिलं शिक्षणाचं. तो म्हणाला, बारावी करतोच आहे. मग मी पावसावर आलो. मेअखेरीला पाण्यातले सगळे खेळ बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत, त्यापुढेही पाणी गढूळ, नोव्हेंबरशिवाय खाली धड दिसत नाही. चार-पाच महिने खाणार काय? तर पोरगं म्हणतं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच सगळी इंजिनं दुरुस्तीला येतात. गेल्या वर्षीपासून हा सुट्टीत एका मेकॅनिककडे जातो, मला पत्ता नाही. बोटीला बाहेरून लावतात त्या इंजिनाचं गिअर ऑइल माझ्यासमोर बाटलीत काढून दाखवलंन. दुधाळ होतं. म्हणाला, दुधाळ दिसलं की सीलमधून पाणी शिरलं, नुसतं तेल बदलून उपयोग नाही, सील बदलायचं, नाहीतर गिअर गंजून जातात. रोज काम संपल्यावर गोडं पाणी फिरवायचं, नाहीतर मीठ आत बसून थंड पाण्याची वाट तुंबते. पंपाचं रबरी पातं वर्षाला बदलायचं, ते फाटलं की इंजिन भर समुद्रात तापतं. मी ऐकत होतो आणि मला चौदा वर्षांचा दादा आंब्याचा देठ दाखवताना दिसत होता.

मग मी तिसरं कारण काढलं, जिवाचं. त्याचीही उत्तरं तयार. खाली श्वास कधी रोखायचा नाही, रोखून वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होते. दर हातभर उतरताना नाक दाबून कान मोकळे करायचे, दुखला तर थोडं वर यायचं, रेटायचं नाही. सिलिंडर दोनशे बारचा, पन्नासला काटा आला की वर असायला हवं. पहिल्या परवान्यावर अठरा मीटरच्या खाली जायचं नाही. हे सगळं मी नंतर एका जाणकाराकडून पडताळून घेतलं. बरोबर निघालं.

तेव्हा बाबल, कारणं तीन झाली आणि तिन्ही खोडली गेली, तरी माझं नाही जागेवरच. शाळेत एखादा पालक असा वागला तर मला लगेच कळतं. ज्याची अडचण हिशेबाची असते, तो उत्तर मिळालं की निदान थोडा हलतो. ज्याची भीती असते, तो पुढचं कारण काढतो. पालकसभेत मी हे फार ऐटीत सांगतो, हिने परवा तेच माझ्या तोंडावर फेकलं.

पण मी अगदीच चुकतोय असंही मला वाटत नाही. दादाच्या धाडसाचं कौतुक करताना लोक विसरतात की कारखाना बुडाला तेव्हा घर चाललं ते माझ्या पगारावर. धाडस करणाऱ्याच्या मागे एक भित्रा उभा लागतो. ओंकारच्या मागे कोण उभा राहणार? माझी सेवानिवृत्ती आठ वर्षांवर आली. आणि तुझ्या ताईचं विसरू नकोस. ती तेव्हा बाराची, म्हणजे त्या अभ्यासाप्रमाणे वय चांगलं, पण मुलगी. दादाच्या वाट्याला मजुरी आली, तिच्या वाट्याला चूल, विहीर आणि धाकटं भावंड. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. अमेरिकेतही मुलींना घरकामातच ओढलं होतं. तिला विचार, ती खमकी झाली का. आणि उत्तर काय देते ते मला कळव, मला खरंच ऐकायचंय.

म्हणून मी ओंकारपुढे असं ठेवणार आहे: कॉमर्सला जा, पण सोबत दोन पावसाळे मेकॅनिककडे काढायचे, पगारावर, आणि पैसे हिच्या हातात द्यायचे. अठरा झाल्यावर वैद्यकीय तपासणी, मग डाइव्हमास्टर. तोवर मी या विषयावर घरात आवाज चढवायचा नाही, हे हिच्यासमोर ठरलंय. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे. दादाला योजना सांगितली तर म्हणतो, "मेल्या, तू झीलाक बोटीत बसयतस आणि दोरी हातात धरतस." धरणारच.

तुला विचारायचं ते एवढंच. तुझ्या मंग्याला तू बारावीनंतर हॉटेलच्या कोर्सला पाठवलंस तेव्हा रात्री झोप लागत होती का? खरं सांग. बढाया नकोत.

बाकी तुझं. व्हीआरएस घेऊ नको असं मी म्हणालो होतो, घेतलीस, आता विचारून काय उपयोग. छोटीचं कुठे जमतंय का? डोंबिवलीचं छत गळायचं थांबलं? आईंचा गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म कुठवर आला? २०१२ ला पहिली सोडत निघाली तेव्हापासून त्या पावती उशाशी घेऊन झोपतात, निदान ती प्लास्टिकमध्ये घालून ठेव. आणि पुढच्या गावपळणीला, सगळा गाव वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जाईल तेव्हा, आला नाहीस तर रामेश्वराची शपथ, तुझ्या वाटणीची झोपडी ओंकारच्या मित्रांना देईन.

अकरावीचा फॉर्म ऑनलाइन भरायचाय, तेव्हा उत्तर लवकर. फोन करू नकोस, ही शेजारीच असते.

तुझा,
सदा

ता. क. मंग्याबरोबर दोन किलो सोलं (आमसुलं) पाठवलीत. यंदा शेवटच्या उन्हाला पाऊस आला, त्यामुळे आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट रसाची, पुटं कमी बसलीत आणि थोडी ओलसर आहेत. पिशवीत तशीच ठेवलीस तर पांढरी बुरशी येईल. गच्चीत दोन दिवस कडक ऊन दे, मग खडे मीठ भुरभुरून बरणीत दाबून भर. स्टीलच्या डब्यात भरू नकोस, आंबटाने डबा खाल्ला जातो.