आधी भरतीची वेळ, मग कार्यक्रम

व्हिटबी, नॉर्थ यॉर्कशर, इंग्लंड

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

तुमची तिकिटं झाली, रत्नागिरीच्या काका-काकूंचीही झाली, तेव्हा मे ते ऑगस्टमध्ये इथे काय काय असतं ते एकदा नीट लिहून टाकतो. आईने फोनवर मागितली तशी 'कोणत्या तारखेला काय' एवढीच यादी देऊन भागत नाही. या गावात दिवस कॅलेंडर ठरवतं आणि वेळ पाणी ठरवतं. वडोदऱ्यात हे अंगवळणी पडायचं कारण नाही. विश्वामित्री नदी चढते ती पावसाळ्यात, रोज दोनदा नाही. पण कावी-कंबोईचं भरतीत बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ आठवा. तिथे दर्शन कधी होणार ते खंभातच्या आखातावर असतं. इथे पूल, पुळण आणि बंदरावरचे निम्मे कार्यक्रम तसेच आहेत. पत्र वाचून झालं की काकांना पाठवा, भरतीचं गणित त्यांना पाठ आहे.

तर आधी ते गणित. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. उन्हाळी घड्याळाप्रमाणे पौर्णिमा-अमावास्येला इथे पूर्ण भरती पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या आसपास येते, ओहोटी सकाळी अकराच्या सुमाराला. अष्टमीला उलट: भरती सकाळी अकराच्या पुढेमागे आणि ओहोटी संध्याकाळी. तेव्हा येताना आपलं पंचांग घेऊन या, दिवसाचा ढोबळ बेत त्यावर बसतो. मात्र पुळणीवर पाय ठेवायचा असेल तर पंचांगावर विसंबायचं नाही, बंदराची छापील पुस्तिका बघायची.

पुस्तिकेत नवखी माणसं फसतात ती एकाच ठिकाणी. बऱ्याच पुस्तिकांत वेळा ग्रीनिचच्या असतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथली घड्याळं त्याच्या एक तास पुढे असतात. म्हणून उन्हाळ्यात छापील वेळेत एक तास मिळवायचा. काही पुस्तिकांत तो आधीच मिळवलेला असतो. पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'जीएमटी' (ग्रीनिचची वेळ) की 'बीएसटी' (इथली उन्हाळी वेळ) ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. तासाच्या चुकीने काय होणार, असं बाबा म्हणतील. काका सांगतील, पाणी सारख्या वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि शेवटी एक. इथे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, म्हणजे मधल्या दोन तासांतच सव्वादोन मीटर. माणूस अडकतो तो याच दोन तासांत.

आता पहिला कार्यक्रम, आणि आमच्या मते सगळ्यांत बघण्यासारखा. त्याला इथे 'पेनी हेज' म्हणतात. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी नऊ वाजता, बंदराच्या आतल्या बाजूच्या चिखलात एक छोटं कुंपण घालतात. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणून ही तारीख ५ मे. दंतकथा ११५९ सालची: रानडुकराची शिकार करताना तिघा जमीनदारांनी एका संन्याशाला जबर मारलं, त्याने मरताना त्यांना माफ केलं, पण प्रायश्चित्त लावून दिलं की दरवर्षी एक पेनी किमतीच्या सुरीने काठ्या तोडायच्या, खांद्यावरून इथवर आणायच्या आणि पाण्याच्या कडेला कुंपण घालायचं. ते तीन भरत्या टिकलं पाहिजे, नाही तर त्यांची जमीन इथल्या मठाची. दंतकथेवर कितपत विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने बघावं. कुंपण मात्र दरवर्षी घातलं जातं.

ते कसं घालतात ते काकांनी जवळून बघावं, कारण काम कोकणातल्या कुडाच्या जातीचं आहे. आधी जाड खुंट एका रांगेत चिखलात ठोकतात. मग लवचीक, ओल्या फांद्या एका खुंटाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून अशा विणत नेतात आणि शेवटी तिरके टेकू लावतात. विणीत फटी राहतात हे बरंच. पाणी आरपार जातं म्हणून कुंपण तगतं, भरीव फळी असती तर लाटेने उचलली असती. काम झालं की शिंग फुंकतात आणि तीनदा 'आउट ऑन यी' असं ओरडतात. 'धिक्कार असो' एवढाच त्याचा अर्थ. अर्ध्यापाऊण तासात सगळं आटोपतं.

गंमत तारखेत आहे. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरतात, म्हणजे हा बुधवारही चंद्राच्या हिशेबानेच येतो आणि नऊ वाजता चिखल बहुधा उघडा असतो. ५ मे २०२७ तर अमावास्येला लागूनच आहे: ओहोटी अकराच्या सुमाराला, म्हणजे नऊला पाणी निम्म्याहून जास्त उतरलेलं. १९८१ साली मात्र त्या वेळी पाणी भरलेलं होतं आणि कुंपण घालता आलं नाही. तिथे खुर्च्या नसतात, कठड्याला टेकून उभं राहावं लागतं, म्हणून साडेआठला जागा धरायची. आईने घडीचं स्टूल आणायची गरज नाही, इथे मिळतं.

कुंपणाची जागा पूर्वेच्या काठाला आहे आणि आमचं घर पश्चिमेच्या, म्हणून पुलाचं सांगतो. गावाच्या मध्यावर १९०८ सालचा फिरता पूल आहे. आतल्या धक्क्याकडे शिडाच्या होड्या जाव्यात म्हणून तो भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत, मागणी असेल तसा, तासाला आणि अर्ध्या तासाला उघडतो. उघडला की चालणारे आणि गाड्या दोन्ही काठांवर खोळंबतात. वर दुसरा उंच पूल आहे, पण तिकडून चालत वळसा मोठा पडतो. ५ मेला सकाळी अडचण नाही. उधाणाच्या दिवसांत दुपारी तीन ते सात मात्र पलीकडे कुणाला वेळ देऊ नका. बसची वेळ गाठायची असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा.

मठाच्या पडक्या इमारतीकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या आईच्या गुडघ्यांचा विचार करून लिहितो. पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत, कठडा आहे, मधे मधे सपाट टप्पे आणि बाकं आहेत. पूर्वी वरच्या दफनभूमीकडे शवपेटी नेताना खांदेकरी तिथे विसावत. चढण जमेल, पण पावसात दगड निसरडे होतात आणि त्रास उतरताना होतो. वर मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे. आई-काकू गाडीने वर आणि ज्यांना हौस असेल ते पायऱ्यांनी, असं करू. मठ मुळात ६५७ सालचा, आज दिसतात ते अवशेष बऱ्याच नंतरच्या काळातले.

पुळणीवरून शेजारच्या सँड्सएंड गावापर्यंत चालत जाणं छान आहे, जेमतेम पाच किलोमीटर. निघायचं ते पाणी उतरत असताना, आणि ते पूर्ण उतरलं की परतायचं. भरतीला पाणी थेट बांधापर्यंत आणि कड्यापर्यंत येतं. पूर्वेच्या धक्क्यापलीकडे कड्याखालून सॉल्टविककडे मात्र कोणीही जायचं नाही, काकांनीही नाही. तिथला कडा शेल नावाच्या भुसभुशीत खडकाचा आहे, दरडी कोसळतात आणि वर यायला वाट नाही. कुणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावून 'कोस्टगार्ड' म्हणायचं, आपण पाण्यात उतरायचं नाही. इथली लाइफबोट, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी बोट, बहुतांशी गावातल्या स्वयंसेवकांची आहे. ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात तेव्हाची लाइफबोट एका दिवसात पुन्हा पुन्हा बाहेर पडली आणि शेवटच्या खेपेला उलटली. १३ पैकी १२ जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट त्याने घातलं होतं. धक्क्यावर लाइफबोटीसाठी देणगीचा डबा घेऊन कुणी उभं असेल तर बाबांनी खिशात हात घालावा.

कपड्यांबद्दल आईचा विश्वास बसत नाही, म्हणून कारण देतो. मेमध्ये समुद्राचं पाणी जेमतेम ८-९ अंश असतं. उबदार हवा त्यावरून आली की दाट धुकं बंदरावर चढतं. दोन-तीन मैल आत २० अंश आणि लख्ख ऊन, आणि इथे धक्क्यावर १०. म्हणून एक जाड कोट नको, तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जाकीट. छत्री वाऱ्यात उलटते, ती घरीच ठेवा. कानटोपी आणली तर मे महिन्यातही वापराल.

खाण्यात एक गोष्ट फार महत्त्वाची. यॉर्कशरमध्ये मासे आणि बटाट्याचे चिप्स गायीच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे आणि पुष्कळ दुकानं अजून ती पाळतात. म्हणजे नुसते चिप्ससुद्धा शाकाहारी नाहीत. दुकानात शिरताच 'बीफ ड्रिपिंग की व्हेजिटेबल ऑइल?' एवढं विचारायचं. कुणाला राग येत नाही, पाटीवरही बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तेलात तळणारी दुकानं आहेत, ती आम्ही दाखवू. आणि धक्क्यावर उघड्या हाताने खायचं नाही. सीगल मागून येऊन घास पळवतात, म्हणून भिंतीला पाठ लावून बसायचं. त्यांना इजा करणं इथे गुन्हा आहे, हे काकूंच्या चपलेसाठी सांगून ठेवतो.

पेंडे, श्रीखंड, तूप यातलं काही आणू नका. दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तेलातली भाकरवडी, लिलो चेवडो आणि शेव-उसळीचा कोरडा मसाला चालेल.

काकांसाठी खेकड्यांचं. इथे खाडीत जाळं टाकत नाहीत, खडकाळ तळावर आमिष घातलेले पिंजरे दोरीला ओळीने बांधून सोडतात. नियम कडक आहेत: खेकड्याचं कवच रुंदीला १४० मिलिमीटर हवं, लॉबस्टरच्या पाठीचं कवच लांबीला ८७. अंड्यांची मादी आणि शेपटीला व्ही आकाराची खाच मारलेली मादी परत समुद्रात. घेताना आकारापेक्षा वजन बघायचं. हातात हलका लागला तर त्याने नुकतंच कवच टाकलंय, आत पाणीच जास्त. पांढरं मांस हवं तर नर, त्याच्या नांग्या मोठ्या असतात. २०२१ च्या शरदात या किनाऱ्यावर खेकडे ढिगाने मरून वाहून आले. कोणी शेवाळाला दोष दिला, कोणी बंदरातल्या गाळ उपशाला, आणि २०२३ च्या तज्ज्ञ समितीलाही कारण ठामपणे ठरवता आलं नाही. कोळ्यांशी बोलताना हा विषय निघाला की तासभर मोडतो, तयारीने जा.

जुलैत धक्क्यावर होड्यांना आशीर्वाद देण्याची प्रार्थना होते. काकांना नारळी पौर्णिमा आठवेल, पण तिथे जून-जुलैच्या बंदीनंतर होड्या बाहेर काढण्याचा तो मुहूर्त. इथे पिंजऱ्यांचं काम उन्हाळाभर चालूच असतं, ही नुसती प्रार्थना. ऑगस्टमध्ये रेगाटा: तीन दिवस वल्ह्यांच्या शर्यती आणि शेवटी दारूकाम. त्याच महिन्यात १९६५ पासून चालत आलेला लोकसंगीताचा आठवडा. तेव्हा रस्त्यावर नाचणाऱ्यांच्या पायांत घुंगरं असतात, आईला गंमत वाटेल. त्या दिवसांत गाडी आणायची नाही, गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर रांगा लागतात.

घरांबद्दल बाबांनी विचारलं होतं. इथे पुष्कळ घरं सुट्टीपुरती उघडतात, हिवाळ्यात खिडक्या काळोख्या. जून २०२२ मध्ये गावाने मतदान घेतलं: नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत, असं ९० टक्क्यांहून जास्त मतदारांनी म्हटलं. ते मत कायद्याने बंधनकारक नव्हतं, पण दुकानात दोघं भेटले की विषय अजून तोच असतो.

प्रवासाचं शेवटी. मँचेस्टर विमानतळावरून रेल्वेने मिडल्सबरो, तिथून एस्क नदीकाठची गाडी थेट व्हिटबीला, दीड तासाच्या आसपास. ती दिवसातून मोजक्याच वेळा सुटते, म्हणून विमान उशिरा पोचलं तर मिडल्सबरोच्या पुढे येऊ नका, फोन करा, आम्ही गाडी घेऊन येतो. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, हातातल्या बॅगेत. विमानाचा नंबर आणि उतरायची वेळ इथल्या घड्याळाप्रमाणे कळवा.

तुमची,
दोघं