गोल्डन रेशो आणि तुझी डावी भुवई

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला, तो पार्थेनॉनच्या, म्हणजे अथेन्सच्या त्या प्राचीन ग्रीक देवळाच्या फोटोवर गोल्डन रेशोची पिवळी गोगलगाय (तो आत वळत जाणारा वळसा) चिकटवलेला, आणि खाली तुझं ठणकावून वाक्य, "बघ, सौंदर्य म्हणजे शेवटी गणितच!" दोन ओळीत उत्तर द्यायला गेलो असतो तर भांडणच झालं असतं, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं, तू वाच निवांत.

आधी ती गोगलगाय. गोल्डन रेशो म्हणजे साधारण १.६१८, आणि लांबी रुंदीच्या तेवढ्या पट असलेला चौकोन कुठल्याही बऱ्या फोटोवर बसतो रे, फक्त कडा कुठे धरायच्या ते आपण ठरवायचं. तुझ्याच फोटोत बघ ना, छताचं टोक आता शिल्लकच नाहीये, तर वरची रेघ सरळ हवेत मारलीय, आणि खाली किती पायऱ्या धरायच्या तेही आपल्या सोयीने. बरं, त्या देवळात प्रमाण नाही असं कोण म्हणतंय? आहेच, पण ते ४:९ चं आहे. खांब ज्या ओट्यावर उभे आहेत तो साधारण ३०.९ मीटर रुंद आणि ६९.५ मीटर लांब, कॅल्क्युलेटर काढ आणि भागून बघ. खांबाचा बुंध्याशी व्यास आणि शेजारच्या दोन खांबांच्या मध्यांमधलं अंतर, तिथेही जवळपास तेच ४:९. म्हणजे साधे शाळेतले पूर्णांक, त्यात गूढबिढ काही नाही.

आता खरी मजा ऐक. आपण सिमेट्री म्हटलं की डोळ्यासमोर आरसा येतो, डावं तसं उजवं. पण ग्रीक लोकांचा 'सिमेट्रिया' म्हणजे ते नव्हेच, त्यांच्या लेखी त्याचा अर्थ सगळे भाग एकाच मापाने मोजता येणं. पॉलिक्लीटस नावाच्या शिल्पकाराने इ.स.पू. पाचव्या शतकात यावर 'कॅनन' नावाचं पुस्तक लिहिलं, पुस्तक हरवलं पण सार टिकलं: बोटाचं बोटाशी, बोटांचं तळव्याशी, तळव्याचं मनगटाशी, असं करत सगळ्या अंगाचं एकमेकांशी नातं. आपल्याकडच्या मूर्तिकारांचं तालमान, म्हणजे मूर्तीची मापं ठरवायची पद्धत, तरी वेगळं काय सांगते, चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, ताल म्हणजे १२ अंगुळं, आणि नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. आणि तुझा लाडका गोल्डन रेशो? त्यात पाचाचं वर्गमूळ बसलंय. त्या प्रमाणात रेघ तोडलीस तर दोन्ही तुकडे पुरेपूर मोजेल असं एकही माप जगात सापडत नाही. अशा रेघांना ग्रीक लोक 'असिमेट्रॉस' म्हणायचे! म्हणजे ज्यांच्या देवळावर तू गोगलगाय चिकटवलीस त्यांच्याच भाषेत तुझा रेशो सिमेट्रीच्या उलट्या टोकाला जाऊन बसतो. युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने त्याचा अभ्यास केला तो पंचकोन वगैरे काढायला, दिसायला छान असतं म्हणून नाही. हे देवळात नि शरीरात सगळीकडे तोच आकडा दिसायचं खूळ खरं फोफावलं ते झायझिंग नावाच्या जर्मन गृहस्थामुळे, १८५४ च्या सुमारास.

पण म्हणून मी गणित उडवून लावतोय असं समजू नकोस हं. स्केचिंग शिकायला लागलो तेव्हा माझे सगळे चेहरे माकडासारखे यायचे, कारण मी डोळे कपाळाच्या जागी काढायचो. मग कोणीतरी सांगितलं की डोळे डोक्याच्या बरोब्बर अर्ध्यावर असतात, टाळूपासून हनुवटीपर्यंत मोज. पटेना. शेवटी हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मोजलं तर खरंच अर्ध्यावर! त्या दिवसापासून माझी माणसं माणसांसारखी दिसायला लागली. तेव्हा माप लागतंच. माझं म्हणणं एवढंच की मापाने चेहरा *चुकत नाही*, तो सुंदर होतो ते मापामुळेच असं मात्र नाही.

तिसऱ्या शतकातल्या प्लॉटायनस नावाच्या तत्त्वज्ञाने याच मुद्द्यावर फार बेरकी प्रश्न विचारलेत. सौंदर्य जर भागांच्या जुळणीतच असेल तर ज्याला भागच नाहीत ते सुंदर कसं, म्हणजे नुसता प्रकाश, एखादा सुटा सूर? आणि तोच चेहरा, तीच मापं, तरी कधी सुंदर दिसतो कधी नाही, ते का? यावर मला तरी अजून उत्तर सुचलेलं नाही, तुला सुचलं तर कळव.

आणि मापात पक्के होते तेच लोक माप कुठे सोडायचं तेही जाणून होते. पार्थेनॉनचा तो ओटा सपाट नाहीये! मधे फुगलाय, आखूड बाजूला साधारण ६ सेंटीमीटर आणि लांब बाजूला ११. कोपऱ्यातले खांब इतरांपेक्षा किंचित जाड, आणि सगळे खांब हलकेच आत कललेले. दगडात एवढी वाकडी कामं मुद्दाम करायची म्हणजे काय चेष्टा आहे का, प्रत्येक दगड वेगळा घडवावा लागतो. पॉलिक्लीटसचा 'भालाधारी' हा पुतळा बघ, सगळा भार उजव्या पायावर, त्यामुळे उजवी कंबर वर नि उजवा खांदा खाली, डावा पाय सैल. नियम लिहिणाऱ्यानेच डावं-उजवं सारखं ठेवलं नाही, आणि म्हणून तो पुतळ्यातला माणूस आत्ता पाऊल टाकेल असं वाटतं.

आता राग मानू नकोस, मी एक उद्योग केला. तुझा फोटो ॲपमध्ये मधोमध कापला आणि उजवी बाजू उलटी करून डावीकडे जोडली. नाक सरळ, डोळे सारखे, शंभर टक्के सिमेट्री, आणि तू कुठल्यातरी फॉर्मवर चिकटवलेल्या अनोळखी माणसासारखा दिसायला लागलास. तरी हट्टाने त्यावरूनच स्केच केलं, मापं चोख, पण तू काही त्यात येईनास. मग खोडरबर घेऊन डावी भुवई पुसली आणि तू वाद घालताना चढते ना, तशी थोडी वर काढली. बस, आलास.

स्केच पाठवतोय सोबत, हनुवटी जरा मोठी झालीय, ती चूक माझी.

तुझाच,
मी