मानेतल्या गाठी, २० मिलिग्रॅमचा डोस आणि बातमीत न येणारे संशोधन

संपादक महोदय,

कर्करोगावरच्या संशोधनाची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते ती बहुधा एखाद्या नव्या औषधाची, आणि ते औषधही बहुधा परदेशातले. तोंड, जीभ, घसा आणि मान यांच्या कर्करोगात मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत उपचार बदलायला लावणारे काही मोठे निष्कर्ष परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून आले, आणि त्यांत नवे औषध जवळजवळ नव्हतेच. मानेचे ऑपरेशन आताच करायचे की थांबायचे? केमो दर आठवड्याला द्यायची की तीन आठवड्यांनी? महागड्या इंजेक्शनचा छोटासा हिस्सा दिला तर काही उपयोग होतो का? असले हे साधे प्रश्न. त्यांची उत्तरे छापून आली ती इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत. तंबाखू-चुना, मिश्री, खर्रा यांनी ज्यांची तोंडे आक्रसली त्यांच्या घरी येणाऱ्या वृत्तपत्रांत ती फारशी पोचली नाहीत. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानेचा. जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत चार सेंटीमीटरपर्यंतची गाठ आहे, मान चाचपली तर हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही संशयास्पद काही नाही. तरीही अशा शंभर रुग्णांपैकी साधारण तीस जणांच्या मानेतल्या लसिका ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सापडतो. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका ग्रंथीचा आकार बदलत नाही, त्यामुळे तो सोनोग्राफीत काय किंवा सीटी स्कॅनमध्ये काय, दिसत नाही. यावरून शल्यचिकित्सकांत अनेक दशके दोन तट होते. एक तट म्हणे, तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेच्या ग्रंथी काढा. दुसरा म्हणे, सत्तर जणांची मान विनाकारण का कापायची? नीट लक्ष ठेवू, गाठ आली की काढू. दोन्ही बाजूंचे म्हणणे तर्काला धरून होते, आणि आधीच्या चाचण्या इतक्या लहान होत्या की त्यांतून निवाडा होत नव्हता.

तो करण्यासाठी टाटा स्मारक रुग्णालयात मोठी चाचणी झाली. डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण तिच्यात घेतले. कोणाची मान लगेच काढायची (म्हणजे मानेतल्या ग्रंथी काढायच्या) आणि कोणाची थांबून, हे डॉक्टर ठरवत नव्हते; संगणकाने काढलेल्या क्रमाने ते ठरत होते. ही अट रुग्णाला विचित्र वाटते, पण तिच्याविना सगळे मुसळ केरात. डॉक्टरला निवड करू दिली तर अशक्त, वयस्कर, हृदयरोगी माणूस नकळत ‘थांबू’ गटात जातो, आणि मग तो गट मागे पडला तो थांबल्यामुळे की मुळात अशक्त असल्यामुळे, हे कधीच कळत नाही.

निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब असा: तीन वर्षांनंतर, मान लगेच काढलेल्या गटात ८० टक्के जिवंत, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. रोग न उलटता जगणारे अनुक्रमे ६९.५ आणि ४५.९ टक्के. म्हणजे आठ जणांची मान वेळेत काढली तर एक मृत्यू टळतो. स्वतंत्र देखरेख समितीने फरक पाहून भरती थांबवायला सांगितली. खर्च टाटा स्मारक केंद्राने स्वतः उचलला होता. तसे नसते तर ही चाचणी झालीच नसती, कारण ऑपरेशनच्या वेळापत्रकात कोणत्याही कंपनीला विकण्यासारखे काही नसते.

थांबलेला गट वाऱ्यावर सोडलेला नव्हता, हे इथे विसरू नये. त्यांना ठरल्या तारखांना बोलावून मान तपासली जात होती, काहींची तपासणीला जोडून सोनोग्राफीही होत होती. सोनोग्राफी जोडल्याने फायदा दिसला नाही. गाठ हाताला लागेपर्यंत अनेकांत रोग ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आलेला होता आणि एकापेक्षा जास्त ग्रंथींत पसरला होता. परळला, इतक्या देखरेखीखाली ही स्थिती. मग ज्या रुग्णाला दिवाळीनंतर उसाच्या तोडणीला जायचे आहे आणि जो एप्रिलशिवाय परतणार नाही, त्याला ‘मानेचे नंतर पाहू’ असे सांगणे म्हणजे पाहणारच नाही असे सांगणे.

तरीही तोंडातली गाठ काढून मान तशीच ठेवलेले रुग्ण अजून येतात. कारणे आम्हाला ठाऊक आहेत. ग्रंथी काढायला भुलीचा दीड-दोन तास वेळ वाढतो. मानेतल्या नसा ओळखून जपायचा सराव सगळ्यांना नसतो. आणि ‘मान कापली तर हात वर जात नाही’ ही भीती गावोगाव आहे. ती अगदीच निराधार नाही. खांद्याच्या स्नायूला जाणारी नस ओढली गेली किंवा तिचा रक्तपुरवठा दुखावला, की हात खांद्यावर नेताना दुखते. जबड्याच्या खालच्या कडेची बारीक नस दुखावली तर ओठाचा कोपरा खाली ओढला जात नाही आणि हसू वाकडे होते. नस तुटलेली नसेल तर काही आठवडे-महिन्यांत हे बहुधा सुधारते, पण खांद्याचे व्यायाम जखमेतल्या निचऱ्याची नळी निघाल्याबरोबर सुरू करावे लागतात. टाके सुकायची वाट पाहत हात पोटाशी धरून बसलेल्या रुग्णाचा खांदा आखडतो. लवकरच्या रोगात संपूर्ण मान उघडायची नसते. हनुवटी-जबड्याखालचा आणि मोठ्या शिरेच्या वरच्या दोन टप्प्यांचा भाग, म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या पातळीच्या ग्रंथी, एवढेच काढायचे असते.

अपवादही सांगायला हवा. गाठ अगदी उथळ, सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर ग्रंथींत रोग सापडण्याची शक्यता बरीच कमी असते आणि मान काढण्याचा फायदा स्पष्ट दिसत नाही. अडचण अशी की खोली बायोप्सीच्या कपच्यावरून नीट कळत नाही. चांगला एमआरआय किंवा तोंडाच्या आतून केलेली सोनोग्राफी लागते. फ्रान्स आणि जपानमधल्या चाचण्यांत रोग सर्वांत आधी जिथे पोचतो ती ‘पहारेकरी’ ग्रंथी शोधून तेवढीच तपासायची पद्धत पूर्ण ग्रंथी काढण्याइतकीच सुरक्षित ठरली आहे. पण तिला किरणोत्सर्गी द्रव्य, ते शोधणारे यंत्र (गॅमा प्रोब) आणि ग्रंथीचे पातळ-पातळ काप करणारी प्रयोगशाळा लागते. जिथे हे तिन्ही नाही तिथे तिचे नाव घेऊन मान सोडून देऊ नये.

रुग्णाच्या नातेवाइकांनी एवढे करावे: ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीच्या अहवालाची प्रत हातात घ्यावी आणि त्यात चार आकडे शोधावेत. गाठीची खोली मिलिमीटरमध्ये. गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचे निरोगी अंतर. ते पाच मिलिमीटर किंवा अधिक हवे. एकूण किती ग्रंथी तपासल्या. मानेच्या अशा ऑपरेशनात अठरा किंवा त्याहून अधिक असतील तर काम नीट झाले असे समजायला हरकत नाही, चार-पाचच लिहिल्या असतील तर विचारावे, कारण कधी ऑपरेशन अपुरे असते, तर कधी प्रयोगशाळेत चरबीतून ग्रंथी शोधायला पुरेसा वेळ दिलेला नसतो. आणि किती ग्रंथींत रोग आहे, तो आवरणाबाहेर गेला आहे का. कड रोगट असेल किंवा आवरण फुटलेले असेल तर नुसता शेक (रेडिएशन) पुरत नाही, त्याबरोबर केमो लागते. शेक ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. तो साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो आणि मधले दिवस चुकले की परिणाम घटतो. किडलेले दात शेकाआधी काढून जखम भरायला दोन आठवडे द्यावे लागतात. दंतवैद्याची चिठ्ठी म्हणूनच ऑपरेशनच्या आठवड्यातच हवी. सगळ्यात जास्त उशीर इथेच होतो.

केमोच्या डोसाची गोष्ट कमी माहीत आहे. शेकाबरोबरचे सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध प्रमाण पद्धतीने शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर १०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तीन वेळा देतात. उलट्या, मूत्रपिंड आणि ऐकू येण्यावर होणारा परिणाम यांच्या धास्तीने आपल्याकडे दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमची सवय पडली. डॉ. वनिता नरोन्हा यांच्या गटाने ३०० रुग्णांत दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. निष्कर्ष २०१८ सालचे. दोन वर्षांनी तोंड-मानेतला रोग आटोक्यात असण्याचे प्रमाण तीन आठवड्यांच्या पद्धतीत ७३.१ टक्के, साप्ताहिक ३० मिलिग्रॅममध्ये ५८.५ टक्के. त्रास मात्र मोठ्या डोसात जास्त होता: गंभीर दुष्परिणाम ८४.६ विरुद्ध ७१.६ टक्के. पुढे जपानने साप्ताहिक ४० मिलिग्रॅम तपासले आणि ऑपरेशननंतरच्या रुग्णांत ते मोठ्या डोसापेक्षा कमी पडले नाही. बेरीज करून पाहा: ४० मिलिग्रॅम सात आठवडे म्हणजे २८०, ३० मिलिग्रॅम सहा-सात आठवडे म्हणजे १८० ते २१०. आठवडा की तीन आठवडे यापेक्षा एकूण किती औषध अंगात गेले याकडे आधी पाहायला हवे. ज्यांची मूत्रपिंडे किंवा कान सिस्प्लॅटिन सोसणार नाहीत त्यांच्यासाठी दर आठवड्याला १५ मिलिग्रॅम डोसिटॅक्सेल शेकाबरोबर दिले. दोन वर्षांनी जिवंत असणारे नुसत्या शेकातल्या ४१.७ वरून ५०.८ टक्के झाले. हे औषध जुने आहे, जेनेरिक मिळते.

आता २० मिलिग्रॅमविषयी. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारे महागडे इंजेक्शन. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम; ती परवडणारे रुग्ण आपल्याकडे मोजकेच. औषध ज्या ठिकाणी टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) चिकटते त्या जागा फार कमी मात्रेतही भरून जातात, हे सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले होते. तो धागा पकडून डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी रोग उलटलेल्या किंवा पसरलेल्या १५१ रुग्णांत चाचणी केली. सर्वांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या. निम्म्यांना त्याशिवाय दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षानंतर जिवंत असणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. सहा आठवड्यांत ७२० मिलिग्रॅमऐवजी ४०!

पण ‘स्वस्तात कर्करोग बरा’ असा मथळा कृपा करून देऊ नये. हे रुग्ण बरे होण्याच्या टप्प्यापलीकडचे होते. आयुष्याचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्यापेक्षा जास्त जगले तो काळ) ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. चाचणी एकाच केंद्रातली होती, कोणाला इंजेक्शन मिळते हे सर्वांना दिसत होते, आणि कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली का, हे तिने तपासलेच नव्हते. शिवाय व्यवहारातली एक मेख आहे. बाटली ४० किंवा १०० मिलिग्रॅमची येते. त्यात परिरक्षक (जंतू वाढू न देणारे द्रव्य) नसतो, त्यामुळे टोचलेली बाटली पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही. २० मिलिग्रॅम द्यायचे तर एकाच दिवशी दोन रुग्ण बोलवावे लागतात आणि औषध निर्जंतुक कक्षात भरावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याला असे दोनच रुग्ण असतील आणि त्यांतला एक आला नाही, तर अर्धी बाटली वाया. ‘निव्होलुमॅबचा वार’ ठरवून आजूबाजूच्या तालुक्यांतले रुग्ण त्याच दिवशी बोलावणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

‘गरिबांवर प्रयोग’ हा शब्दप्रयोग या विषयाला नेहमी चिकटतो. शंका घ्यावीच, पण नेमकी घ्यावी. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात; त्यांत कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक आणि एक स्त्री सदस्य हव्यात, आणि किमान निम्मे संस्थेबाहेरचे. गंभीर इजा झाली तर चोवीस तासांत कळवावे लागते. वाचता न येणाऱ्या रुग्णासमोर तटस्थ साक्षीदार बसवावा लागतो; अंगठा घेऊन कागद फायलीत घातला म्हणजे संमती होत नाही. संमतीपत्राची प्रत रुग्णाला मिळायला हवी, आणि ‘तुम्हाला कोणता उपचार मिळेल ते संगणक ठरवेल, मी नाही, नको असेल तर केव्हाही बाहेर पडा, नेहमीचा उपचार थांबणार नाही’ एवढी तीन वाक्ये त्याला त्याच्या बोलीत सांगितलेली असायला हवीत. चाचणीत नसलेल्या रुग्णाला तरी एवढे समजावून कोण सांगते, हा प्रश्न आमच्यापैकी काहींना नेहमी पडतो.

आपल्या वृत्तपत्राकडे आमची मागणी छोटी आहे. भारतातल्या चाचणीची बातमी देताना चाचणीचा नोंदणी क्रमांक छापावा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला की किती रुग्ण घ्यायचे ठरले होते, तुलना कशाशी होती, पैसा कोणी दिला, मोजायचे काय होते, हे कोणालाही फुकट वाचता येते. त्याखाली तुलनेच्या दोन्ही गटांचे आकडे द्यावेत. ‘धोका ३६ टक्क्यांनी घटला’ असे नुसते लिहिल्याने वाचकाला काही कळत नाही, ‘शंभरातले ८० विरुद्ध ६७’ म्हटले की शेतातला माणूसही हिशेब करतो.

आपले,
डोके-मान कर्करोगाच्या उपचारात व संशोधनात काम करणारे काही शल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट आणि परिचारिका