ओळख गाळून कौतुक कसले?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातील चीनमधील स्त्रीवादी चळवळीवरील लेख वाचला. २०१५ च्या महिला दिनाच्या तोंडावर अटक झालेल्या पाच कार्यकर्त्यांचे कौतुक करताना लेखकमहाशयांनी विशेषणांची काटकसर केलेली नाही. मात्र त्यांपैकी ली टिंगटिंग या उघडपणे समलिंगी आहेत आणि वेई टिंगटिंग यांनी बीजिंगमध्ये समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम केले, हे सांगण्याची वेळ येताच त्यांची लेखणी संकोचली. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी पांढऱ्या वधूवेशावर रक्तासारखा लाल रंग लावून घरगुती हिंसेविरुद्ध बीजिंगच्या रस्त्यावर उतरलेल्या तरुणींत या दोघीही होत्या. आपल्या जोडीदार स्त्रीशी विवाह करण्याची ज्यांना कायद्याने मुभा नाही, त्या इतरांच्या संसारातील मारहाणीवर बोलतात, ही बाब लेखात गाळण्याइतकी किरकोळ कशी ठरली?

बस आणि मेट्रोतील छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटण्याचा बेत केला म्हणून या पाच जणींना ३७ दिवस कोठडीत काढावे लागले. मला स्वतःला कॉलेजात असताना शहर बसमधून जाताना मागच्या गृहस्थाचा हात पुन्हा पुन्हा अंगाला लागल्यावर ओरडावे लागले होते, तेव्हा वाहकाने तिकिटाचा चिमटा टकटक वाजवत ‘‘एवढं सोसत नसेल तर ताई, रिक्षानं जावं,’’ असे ऐकवले आणि पुढच्याच थांब्यावर उतरवले ते मला. गृहस्थ आरामात बसून पुढे गेले. त्या बसमध्ये तसा एखादा स्टिकर असता, तर निदान त्याच्याकडे बोट तरी दाखवता आले असते!

या स्त्रियांना दिसेनासे करण्याचे काम तिथे पुरेशा तत्परतेने चालूच आहे. २०२१ मध्ये विद्यापीठांतील समलिंगी विद्यार्थी गटांची वीचॅट या चिनी समाजमाध्यमावरील खाती बंद झाली, २०२३ मध्ये बीजिंगचे एलजीबीटी केंद्रही बंद पडले. त्याला आपल्या दैनिकाने हातभार लावण्याची निकड नव्हती. शिवाय अशा लेखासोबत रेशमी पोशाखात पंखे घेऊन नाचणाऱ्या मुलींचे छायाचित्र छापण्याचे प्रयोजन काय, तेही कळले नाही.

माझ्या मागील पत्राचा मधला परिच्छेद आपण उडवला होता. या वेळीही जागेअभावी कात्री चालवायची असेल, तर कृपया बसचा प्रसंग काढावा. ली आणि वेई यांच्याविषयीच्या ओळी राहू द्याव्यात.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर