उंची कशापासून मोजली, हे संगणकालाही कळायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात भरतीची वेळ आणि उंची नित्यनेमाने छापली जाते. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की सखल भागांतील रहिवाशांच्या पोटात गोळा येतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत झालेला 944 मिलिमीटर पाऊस मुंबईकर अजून विसरलेले नाहीत. भौगोलिक माहिती प्रणालीच्या क्षेत्रात काम करीत असल्यामुळे भरतीच्या या आकड्याविषयीच थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

भरतीच्या तक्त्यातील उंची ‘चार्ट डेटम’पासून, म्हणजे ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीजवळ मानलेल्या शून्यापासून मोजलेली असते आणि मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरील जमिनीची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून धरलेली असते, तर महापालिकेच्या पर्जन्यजल वाहिन्यांच्या आराखड्यांत टाउन हॉल डेटम हा तिसराच आधार आढळतो. समजा, भरती 4.6 मीटरची आहे आणि एखाद्या वस्तीची जमीन नकाशात 3 मीटर उंच दाखवली आहे. दोन्ही आकडे जसेच्या तसे घेणारा संगणक ती वस्ती 1.6 मीटर पाण्याखाली दाखवील. प्रत्यक्षात भरतीचे पाणी समुद्रसपाटीच्या 2.1 मीटरच वर असेल आणि वस्ती त्याहून जवळपास 90 सेंटिमीटर उंचावर असेल. ही गफलत अनुभवी अभियंत्याच्या चटकन लक्षात येते. परंतु पावसाचा अंदाज, भरती, जमिनीचे चढउतार आणि नाल्यांची क्षमता ही सगळी माहिती निरनिराळ्या कार्यालयांच्या सर्व्हरवरून आपोआप गोळा होऊन काही मिनिटांत इशारा तयार व्हावा, अशी अपेक्षा आपण करू लागलो आहोत, आणि त्या साखळीत प्रत्येक आकडा तपासायला अभियंता बसलेला नसतो.

माहितीची देवाणघेवाण सुरळीत व्हावी यासाठी मानके नाहीत, असे मुळीच नाही. भौगोलिक माहितीची मानके ठरवणाऱ्या, 1994 मध्ये स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2000 मध्ये नकाशे पुरवणाऱ्या वेब मॅप सर्व्हिसचे आणि 2007 मध्ये गणनप्रक्रिया पुरवणाऱ्या वेब प्रोसेसिंग सर्व्हिसचे मानक दिले. त्यामुळे एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती कशी मागावी आणि ती कोणत्या स्वरूपात मिळावी, हे ठरले. अडचण त्यापुढची आहे. ‘मला उंची द्या, ती दशांश संख्या असावी, एकक मीटर असावे’ एवढे एखादी सेवा सांगू शकते; वरच्या उदाहरणातील दोन्ही आकडे ही अट बिनचूक पाळतात, आणि तरीही उत्तर चुकते.

ऑन्टॉलॉजीची गरज इथेच पडते. एखाद्या विषयातील संकल्पना, त्यांचे गुणधर्म आणि परस्परसंबंध यांची यंत्राला वाचता येईल अशी काटेकोर मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. ती लिहिण्यासाठी ओडब्ल्यूएल ही भाषा 2004 पासून प्रमाणित आहे आणि स्थळविषयक संबंधांसाठी जिओस्पार्कल हे मानक 2012 मध्ये आले. भरतीची पातळी आणि जमिनीची पातळी हे दोन्ही ‘उंची’चेच प्रकार आहेत, पण प्रत्येकाला स्वतःचा संदर्भ-शून्य आहे, असे एकदा नोंदवले आणि माहितीचा संच व प्रक्रिया-सेवा या दोहोंना त्या नोंदीशी जोडले, की जोडणी करणारी प्रणाली विसंगती आधीच ओळखते आणि उपलब्ध सेवांमधून पातळी बदलून देणारी सेवा शोधून मध्ये बसवते. ‘वॉर्ड’चेही तसेच आहे: अक्षरांनी ओळखले जाणारे प्रशासकीय विभाग वेगळे आणि 227 निवडणूक प्रभाग वेगळे, तरी तक्त्याच्या स्तंभावर शीर्षक एकच.

यावर अवघ्या महानगरासाठी एकच भव्य ऑन्टॉलॉजी करावी, असे काहींना वाटेल. मला ते धोक्याचे वाटते, कारण असा आराखडा समित्यांमध्ये वर्षानुवर्षे अडकतो आणि तयार होईपर्यंत कालबाह्य झालेला असतो. प्रत्येक खात्याने आपल्या सवयीची परिभाषा ठेवावी आणि तिचा इतरांच्या परिभाषेशी असलेला संबंध तेवढा नोंदवावा. मुळातली मोजणीच चुकलेली असेल तर ऑन्टॉलॉजी ती दुरुस्त करणार नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे.

केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी आणि डिसेंबर 2022 च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने नकाशांची माहिती पुष्कळ मोकळी केली, ही समाधानाची गोष्ट आहे. आता मुंबईतील यंत्रणांनी पाऊस, भरती, नाले आणि हाजीअली, इर्ला यांसारखी उदंचन केंद्रे (साचलेले पाणी पंपांनी उपसणारी केंद्रे) एवढ्याच मर्यादित विषयापासून सुरुवात करावी. माहिती संकलनाच्या यापुढील प्रत्येक निविदेत, सादर होणाऱ्या प्रत्येक आकड्याचा संदर्भ-शून्य, मोजणीची तारीख आणि संकल्पनेची ओळख यंत्राला वाचता येईल अशा रीतीने देण्याची अट असावी. या व्याख्या मात्र सॉफ्टवेअर पुरवठादाराने परस्पर ठरवू नयेत. पर्जन्यजल खात्याचे अभियंते, बंदराचे सर्वेक्षक आणि हवामानतज्ज्ञ यांनी एकत्र बसून त्या ठरवाव्यात आणि मराठी नावांसह सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात.

आपली विश्वासू,
एक वाचक, दादर, मुंबई