मिसो उकळू नका हो!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत 'घरगुती जपानी पोर्क काकुनी' (सोया-साखरेच्या रशात मंद शिजवलेले पोर्कचे मोठे तुकडे) अशी रेसिपी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आलं लसूण पेस्ट, गरम मसाला, कुकरच्या पाच शिट्ट्या आणि शेवटी दोन चमचे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट जपानी पेस्ट) घालून 'खळखळून उकळा'. चवीला वाईट नसेल लागत, मसाल्यातलं पोर्क वाईट कसं लागेल, पण मग त्याला मसाला पोर्क म्हणा ना, काकुनी कशाला म्हणता.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं टोकियोत निशिकासाईला होतो, आमच्याच मजल्यावरच्या एका आजींनी मला हे पदार्थ शिकवले. काकुनीसाठी पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं मांस लागतं. त्याचे मोठे चौकोनी तुकडे आधी तांदळाच्या धुवणात, आल्याच्या चकत्या आणि पातीच्या कांद्याचा हिरवा भाग टाकून तासभर मंद शिजवायचे, त्याने उग्र वास आणि जास्तीची चरबी निघते. मग ते पाणी टाकून तुकडे धुवायचे आणि दाशी (सुके मासे आणि समुद्री शेवाळ यांचं पातळ सार), साके (तांदळाची दारू), साखर घालून परत मंद आचेवर, सोया सॉस नंतर. साखर आधी का, तर मीठ आणि सोया आधी घातलं की साखर आत मुरत नाही असं आजी म्हणायच्या. वर भांड्यापेक्षा लहान लाकडी झाकण थेट रश्शावर ठेवतात, त्याला ओतोशिबुता म्हणतात, त्याने थोड्या रशातही सगळीकडे चव लागते आणि तुकडे हलून फुटत नाहीत. माझ्याकडे ते नव्हतं, मी स्टीलची ताटली उपडी टाकायचे, आजी हसल्या पण चाललं. रात्रभर ठेवलं की चरबी वर थिजते, ती काढायची आणि दुसऱ्या दिवशी गरम करून तिखट मोहरीबरोबर खायचं. यात मिसो कुठेच नाही!

मिसो लागतो तोनजिरूला, म्हणजे पोर्क आणि भाज्यांच्या सूपला. पातळ कापलेलं पोर्क, मुळा, गाजर, गोबो नावाचं मूळ, कोन्न्याकु (सुरणाच्या भावकीतल्या कंदाची वडीच ती) आणि सातोइमो, म्हणजे आपल्या अळकुड्याच की. हे सगळं दाशीत शिजलं की गॅस बंद करायचा आणि मगच मिसो थोड्या रशात कालवून घालायचा. उकळला की त्याचा वास उडतो, उरतो नुसता खारटपणा. आमच्याकडे हा पदार्थ पावसाळ्यात सगळ्यात जास्त होतो.

आता अडचण कापाची आहे हे मला मान्य. तिकडे दुकानात पाकिटावरच लिहिलेलं असतं, हे शोगायाकीचं (आलं-सोयात परतलेलं पोर्क), हे शाबुशाबूचं (उकळत्या पाण्यात बुडवून खायचे पातळ काप), भाव 100 ग्रॅमवर, आणि पुण्यात मात्र खाटीक हाडासकट मोठे तुकडे देतो. मी बिनहाडाचा तुकडा घेऊन तासभर फ्रीजरमध्ये ठेवते, अर्धवट कडक झाला की धारदार सुरीने पातळ काप पडतात. किसलेलं आलं, सोया, मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साके एवढ्यात शोगायाकी दहा मिनिटांत होते, सोबत बारीक चिरलेला कच्चा कोबी. काप पातळ आहेत म्हणून कच्चट मात्र ठेवायचे नाहीत.

आणि 'जपानी' म्हणून एकच रेसिपी देणं पण पटत नाही. बटाटा घालून केलेली निकुजागा टोकियोकडे पोर्कची असते, ओसाकाकडे बीफची, तिकडे नुसतं 'निकु' (मांस) म्हणलं की बीफच, म्हणूनच पोर्कच्या बनला ते मुद्दाम बुतामान म्हणतात. काकुनीच मुळात चिनी व्यापाऱ्यांबरोबर नागासाकीला आली आणि ओकिनावात तिची बहीण राफुते, ती तिथली आवामोरी दारू आणि काळी साखर घालून करतात. गोव्यात चरबीला व्हिनेगरने आवरतात, जपानात आलं आणि वेळ. विंदालूत व्हिनेगरऐवजी मिसो घातला तर गोवेकर गप्प बसतील का सांगा?

मसाल्याला माझा विरोध नाही, आमच्या घरी पण लागतो. पण पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, 'मिसो गॅस बंद केल्यावर' एवढी एक ओळ आली तरी पुरे. आणि पाच शिट्ट्या काढून ज्यांच्या काकुनीचा लगदा झाला असेल त्यांनी तो फेकू नका, भातावर घालून खा, वर पातीचा कांदा.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे